नाताळचं शेवटचं कडवं

आमची मराठी मंडळी नॉर्थ यॉर्कमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये रविवारी दुपारी उपासनेला जमते. तिथल्या युवा गायकवृंदाला शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. पोरं गोड आहेत, पण मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतात आणि गाणी रोमन अक्षरांत उतरवून घेतात. मला राग लवकर येतो. तो पोरांवर काढता येत नाही, म्हणून पेटीच्या भात्यावर निघतो.

त्या वर्षी सेक्रेटरीकाकांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "पोरांना एक शब्द कळत नाही. जानेवारीपासून सगळं इंग्लिशच गाऊ दे." मी म्हटलं, "आधी नाताळचं भजन ऐका, मग काय ते ठरवा."

नेमका शेवटच्या प्रॅक्टिसला बर्फाने घात केला. सगळे आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत बसले आणि शेवटचं कडवं शिकवायचं राहिलं. मग मी फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून ते घरीच गायले आणि रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. सोबत दम दिला: जसंच्या तसं पाठ करा, एक अक्षर बदलायचं नाही.

आमच्यात भजनाची रीत अशी, की गाणाऱ्यांनी ओळ म्हणायची आणि मंडळीने ती मागून उचलायची. नाताळला पहिली कडवी झकास झाली. शेवटच्या कडव्यात पोरांनी डोळे मिटून, स्वच्छ सुरात ओळ टाकली: "अहो, दूध उतू चाललंय, बंद करा ना."

मी पेटी थांबवली. तंबोरा लागला की मी घरातलं बोलणंही सुरातच बोलते, ही माझी जुनी खोड. रेकॉर्डिंगच्या मध्येच मी नवऱ्याला हे म्हटलं होतं आणि परत न ऐकताच पाठवून दिलं होतं. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. पण मंडळीला सवय पक्की. सगळ्यांनी टाळ्या वाजवत ओळ उचलली, "अहो, दूध उतू चाललंय," आणि तिसऱ्या रांगेतला माझा नवरा अर्धवट उठून उभा राहिला.

मग जे हसू फुटलं, त्यात पाळकसाहेबांना आशीर्वादही धड देता येईना.

उपासना संपल्यावर मी वृंदातल्या सगळ्यात मोठ्या मुलीला गाठलं. सेक्रेटरीकाका डोळे पुसत शेजारी येऊन उभे राहिले.

"अगं, हे भजनातलं नाही, एवढंही कळलं नाही?"

"आंटी, वुई थॉट इट्स द प्रॉमिस्ड लँड," ती म्हणाली. "दूध, राइट? मिल्क अँड हनी."

बायबलमध्ये देवाने वचन दिलेला देश दुधामधाने वाहतोच; ओरडायची माझी सगळी तयारी वाया गेली. मी काकांकडे वळले.

"म्हणजे दूध कळलं हिला," काका म्हणाले. "मग जानेवारीत उतू जाणं शिकवा."