नाव एकच, गाड्या दोन

नोकरीत कितीतरी गुन्हे हाताखालून गेले. बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण चोपडा–यावल रस्त्यावर सांडलेली ती मोहाची फुलं अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

त्या वेळी मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि सातपुड्याच्या पायथ्याचं एक ग्रामीण ठाणं माझ्याकडे होतं. मार्च महिना होता. सकाळी साडेसातच्या सुमारास ठाणे अंमलदारानं निरोप दिला, की रस्त्यावर एका बाईला गाडीनं उडवलं आणि गाडी पळून गेली. आम्ही पोचलो तेव्हा जखमी बाईला एका केळीच्या ट्रकवाल्यानं चोपड्याच्या रुग्णालयात नेलं होतं. रस्त्यावर चेपलेली टोपली, मोहाची फुलं आणि रक्त एवढंच होतं. सोबतची नणंद कडेला बसून होती. दोघी पावरा आदिवासी समाजातल्या, पहाटे वेचलेला मोह घेऊन बाजाराला निघालेल्या. तिला मराठी जेमतेम येत होतं. आमच्या शिपायानं तिच्या बोलीत विचारून जबाब लिहून घेतला: पांढरी, लहान गाडी. थोडी पुढे जाऊन थांबली, मग निघून गेली.

पंचनामा करताना हवालदाराला डांबराच्या कडेला नारिंगी तुकडा सापडला. इंडिकेटरची काच. काच म्हणायची, असते ती प्लास्टिकची. पंचांच्या सह्या घेऊन तो तुकडा मुद्देमालात जमा केला.

पांढरी लहान गाडी म्हणजे काय, हे त्या काळात जळगाव जिल्ह्यात कुणालाही विचारावं लागत नव्हतं. डॉक्टर, वकील, केळीचे व्यापारी, खतवाले, सगळ्यांच्या दारात तीच. आमच्या ठाण्याच्या हद्दीतच शंभरेक निघाल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला. सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या गाडीचा डावा इंडिकेटर परवाच बदलला, गाडी पांढरी, तीच कंपनी, तेच नाव. आम्ही लगेच निघालो. व्यापाऱ्याच्या वखारीवर केळीचे घड उतरवणं चालू होतं. पन्नास-साठ माणसांसमोर आम्ही गाडी जप्त केली आणि तिच्या चालकाला जीपमध्ये बसवलं. तिशीतला, अंगानं बारीक माणूस होता. तो एकच सांगत होता, "साहेब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासली गाडी. इथंच, वखारीत. मी त्या दिवशी चोपड्याकडे गेलोच नही."

ट्रॉलीवाल्याला विचारलं, तर त्यानं हात झटकले. नको ती भानगड, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. व्यापारी म्हणाला, सकाळी गाडी कुठं होती ते मला ठाऊक नाही. झालं. आमच्या दृष्टीनं प्रकरण मिटत आलं होतं.

गुन्हा जामीनपात्र होता, त्यामुळे त्याला जामिनावर सोडलं. पण रोज सकाळी हजेरीला बोलवायचं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं, असा माझा हुकूम होता. माणूस बसून बसून कंटाळतो आणि बोलतो, हा आमचा जुना अनुभव. दरम्यान व्यापाऱ्यानं दुसरा चालक ठेवला. गावात पोरं या पहिल्या चालकाच्या बायकोला ऐकू जातील असे टोमणे मारू लागली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

तो मात्र रोज आल्या आल्या हवालदाराला एकच विचारायचा, "ती बाई कशी आहे? शुद्धीवर आली का?" पहिल्या दिवशी मला ते नाटक वाटलं. चौथ्या दिवशी वाटेना. गुन्हा केलेला माणूसही असं विचारतो, मी पाहिलेलं आहे. पण तो विचारल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतो, उत्तराचा आपल्यावर काय परिणाम होणार ते ताडतो. हा उत्तर ऐकायचा, मान हलवायचा आणि गप्प बाकावर जाऊन बसायचा.

मी मुद्देमालातला तुकडा काढला आणि जप्त गाडीपाशी गेलो. नवी काच बसवलेली असल्यामुळे डावीकडे काही कळेना. उजव्या बाजूच्या इंडिकेटरवर धरून पाहिला. वळण जुळेना. गावातला गॅरेजवाला म्हणाला, "तुटलेला तुकडा आहे साहेब, जुळणार कसा?" म्हणणं बरोबर होतं, पण माझं समाधान होईना.

धुळ्याला माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्तरी होते. सगळे त्यांना नाना म्हणत. बोलायचे ते अहिराणीत. कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला जाणं होतंच, तेव्हा रीतसर नोंद करून तुकडा सोबत घेतला. नानांनी तो सदऱ्याच्या बाहीला पुसला, उन्हात धरला आणि मला जप्त गाडीचं मॉडेल विचारलं. मी सांगितलं.

"साहेब, हाई काच त्या गाडीनी नही शे."

"कंपनी तीच आहे ना, नाना? नावही तेच आहे."

"नाव तेच शे. गाडी ती नही." त्यांनी तुकड्याची आतली बाजू माझ्यासमोर धरली. "हाई देखा."

भिंग लावून पाहिलं. तुटलेल्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती. 'जपान' या शब्दातली शेवटची तीन.

मग नानांनी चहा मागवला आणि मला त्या गाडीचा इतिहास सांगितला. त्यांच्या तरुणपणी रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या दिसत. एक इंग्रजी गाडीच्या साच्यावर बनलेली, दुसरी इटालियन. नाव आपलं, कारखाना आपला, साचा परदेशातला. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षं वाट बघायची. मग सरकारनं जपानी कंपनीला भागीदार करून दिल्लीजवळ कारखाना काढला आणि ही छोटी गाडी आणली. सुरुवातीला इंजिनापासून दिव्यापर्यंत बरंच सामान जपानहून यायचं आणि इथं जोडलं जायचं. लोकांनी आधी हिला हसून घेतलं. 'डबी' म्हणायचे, घाटात चढणार नाही म्हणायचे. ती चढली. पुढे दोन-तीन वर्षांतच कंपनीनं गाडीचा सगळा आकार बदलला, दिवे बदलले, सुटे भाग इथंच बनू लागले. नाव मात्र तेच ठेवलं.

"म्हनीसन बठ्ठासले एकच गाडी वाटस," नाना म्हणाले. बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. "हाई काच पहिला मॉडेलनी शे. आते तश्या गाड्या बोटवर मोजाइतल्या राहिन्यात."

त्या दिवशी धुळ्याहून परतताना मला आनंद व्हायला हवा होता. पण बाकावर बसलेला तो माणूस सारखा आठवत होता.

परिवहन कार्यालयात जुनी, हातानं लिहिलेली रजिस्टरं होती. दोन दिवस आम्ही ती चाळली. त्या पहिल्या मॉडेलच्या अकरा गाड्या जिल्ह्यात नोंदलेल्या होत्या. बहुतेक भंगारात गेलेल्या, काही बाहेर विकलेल्या. चालू स्थितीत तीन उरल्या होत्या. त्यांतली पांढरी एकच होती, चोपड्यात.

ती गाडी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. सत्तरीच्या बाई. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला, सगळे त्यांना अक्का म्हणत. आमचा हवालदारही त्यांचाच विद्यार्थी. फाटकाशी पोचल्यावर तो म्हणाला, "साहेब, काहीतरी चूक होतेय." मी फाटकाची कडी काढली.

अंगणात गाडी कापडानं झाकलेली होती. कापड काढलं. डावा इंडिकेटर नव्या मॉडेलचा होता, बसत नव्हता म्हणून तारेनं बांधलेला. अक्कांचा मुलगा बाहेर आला. बी-बियाण्यांचं दुकान होतं त्याचं. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मीच चालवत होतो. घाबरलो आणि निघून गेलो. काय लिहायचं ते लिहा."

कबुली इतक्या झटकन आली की मी सावध होतो. हा मुलगा सहा फूट उंच होता. मी त्याला गाडीत बसायला सांगितलं. सीट पार पुढे ओढलेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मागे न्यायला तो खाली हात घालून चाचपडू लागला. खटका कुठं आहे ते त्याला सापडेना.

"ही गाडी तुम्ही शेवटची कधी चालवलीत?" मी विचारलं.

तो अजून खटकाच शोधत होता. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"उतर खाली. पुरे झालं."

अक्का पायऱ्या उतरून आल्या. पायरीचा अंदाज घेत, एक हात भिंतीला लावून. त्यांना नीट दिसत नाही, हे मला तिथंच समजलं.

"मी होते, साहेब. फैजपूरला एका शाळेच्या बक्षीस समारंभाला निघाले होते. सूर्य अगदी समोर होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी आणि यानंही गाडी चालवू नको म्हणून सांगितलं होतं."

"तुम्ही थांबला होतात."

"थांबले. आरशात पाहिलं. ती उठायचा प्रयत्न करत होती. सोबत एक बाई होती, ती नेईल तिला, असं मनाला सांगितलं. तेही खरं नाही. मला भीती वाटली ती गावाची. लोक म्हणतील, म्हातारीनं गाडी चालवून माणूस मारलं. मी निघून गेले. फैजपूरला जाऊन मुलींना बक्षिसं दिली, भाषण केलं. काय बोलले ते आठवत नाही."

हवालदार तोंड फिरवून उभा होता.

जबाब घेताना मी विचारलं, इतकं सांगूनही गाडी का सोडली नाहीत? त्या म्हणाल्या, "आमच्या यांचा सोडतीत नंबर लागला आणि ही गाडी आली. मी चालवायला शिकले तेव्हा लोक घराबाहेर येऊन बघायचे. त्याआधी कुठं जायचं तर कुणाची तरी वाट बघावी लागायची. नंतर नाही लागली. ते पुन्हा सुरू होऊ नये असं वाटायचं. एवढंच."

परत आल्यावर मी नणंदेला दुभाष्याकरवी पुन्हा विचारलं. ती वैतागून म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाडीत बाई होती. आमच्या शिपायाला वाटलं होतं, ती ट्रकमधून नेलेल्या जखमी बाईबद्दल बोलतेय. मीही जबाब वाचून खाली सही केली होती. गाडी चालवणारी बाई असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलंच नव्हतं.

जखमी बाई वाचली, पण पाय वाकडा जुळला. जंगलात चढणं कायमचं सुटलं. अक्कांनी परवाना माझ्या टेबलावर ठेवला आणि कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या रुग्णालयात भेटायला गेल्या तेव्हा त्या बाईनं भिंतीकडे तोंड केलं. अक्का तासभर खाटेशेजारी बसल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. पुढे त्या दोघींचं काय झालं, त्याची चौकशी मी केली नाही.

चालकाचं प्रकरण मात्र माझ्याकडेच होतं. त्याला ठाण्यात बोलावून मी सांगितलं, "तुझा काही संबंध नाही. गाडी सोडतोय. आमची चूक झाली." त्यानं हात जोडले, पण उठला नाही.

"साहेब, इथं सांगून काय उपयोग? मला जिथून नेलं तिथं येऊन सांगा."

नोकरीची पंचवीस वर्षं झालेली होती. वर्दीतल्या माणसानं चारचौघांत चूक कबूल करायची नसते, हे आम्हाला कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकाला ठाऊक असतं. रात्रभर मी त्यावर विचार केला. सकाळी त्याला जीपमध्ये पुढे बसवलं आणि सावद्याच्या वखारीवर गेलो. घड उतरवणं चालू होतं. मी मोठ्यानं सांगितलं, की हा माणूस निर्दोष आहे, खरा गुन्हेगार सापडला आहे, आणि याला इथून नेण्यात पोलिसांची चूक झाली. काही जण थांबून ऐकत राहिले. काहींनी केळीच्या पानांत घड रचणं चालूच ठेवलं. व्यापारी खाली बघत होता. ट्रॉलीवाला कुठं दिसला नाही. एक म्हातारे आबा तेवढे पुढे आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल, घरी चाल."

त्यानंतर मी बरेच तपास केले. काचेच्या तुकड्यावरून गाडी ओळखणारा मिस्तरी शोधणं मला जमलं, त्याचं वरिष्ठांनी कौतुकही केलं. पण बाकावरचा माणूस रोज एकच प्रश्न विचारत होता आणि एक आदिवासी बाई पहिल्याच दिवशी खरं सांगून गेली होती. या दोघांचं ऐकायला धुळ्याला जावं लागत नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही जबाबावर सही करण्याआधी मी तो लिहून घेणाऱ्याला, जबाब देणाऱ्यासमोर त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचायला लावत असे, आणि वाचून होईपर्यंत पेन खिशातच ठेवत असे.