प्रयोगशाळेचं दार सरांसाठी उघडा

केळसकर सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. कला शाखेच्या मुलांना दर शुक्रवारी विज्ञानाचा एक तास सक्तीचा होता. प्राणिशास्त्राचे केळसकर सर तो घेत. “माझ्या मुलांना हे ओझं कशाला?” असं मी त्यांना फणकाऱ्याने विचारलं.

“बाई, तुमची मुलं पाणी पितात ना? मग पाठवा.”

त्या तासाला टिपणं सांगून मोकळं होण्याची रीत होती. सरांनी मुलांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एकदा महाविद्यालयाच्याच टाकीतला थेंब काचेवर ठेवला. अर्थशास्त्राच्या सुलभाने डोळा लावला.

“सर, यात काहीतरी वळवळतंय. आपण रोज हेच पितो?”

“हो. जा, प्राचार्यांना सांग.”

“तुम्ही चला ना, सर.”

“पाहिलंस तू, सांगायचं पण तूच.”

ती गेली. दुसऱ्याच दिवशी टाकी धुतली गेली आणि त्याच आठवड्यात कला शाखेला प्रयोगशाळा बंद झाली. कारण काय, तर आर्ट्सची पोरं काचा फोडतील. तोवर एकही काच फुटली नव्हती. तिकडे ट्रॉम्बेला अणूचा अभ्यास चालतो म्हणून आपण मिरवायचं आणि इकडे मुलीला पिण्याचं पाणी पाहू द्यायचं नाही! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. सर मात्र घरचं भिंग घेऊन व्हरांड्यात शिकवत राहिले.

माझ्या वडिलांच्या आजारपणात रिपोर्ट हाती घेऊन मी बावरले होते. सर घाटकोपरला आमच्या घरी आले, ओळ न् ओळ समजावली आणि डॉक्टरांना काय विचारायचं तेही सांगितलं. त्या दिवशी ओझं कशाचं असतं ते मला कळलं.

यंदा साठी पूर्ण करून सर निवृत्त होत आहेत. त्यांच्यामागे हा तासही बंद होणार आहे. बिनपगारी घेतो, असं सर म्हणाले. त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या. लावणारी मंडळीच सत्कार समितीत आहेत आणि माझ्याकडे गोड शब्द मागताहेत. सरांसाठी ते भरपूर आहेत, समितीसाठी नाहीत.

सर, आपण शतायुषी व्हा. आपली प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नजर अशीच तेज राहो.

समितीने शाल-श्रीफळ जरूर द्यावं. पण पुढच्या शुक्रवारी सर येणार आहेत आणि मुलंही थांबणार आहेत. प्रयोगशाळेचं कुलूप काढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.