नवमीचा पाना

टक्. मुलाने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा टक्. इंजिन घरघरलंसुद्धा नाही. केबिनमधल्या मागच्या फळीवर सून आडवी पडली होती आणि तिच्या खालची सतरंजी लाल होत चालली होती. नववा महिना लागून चार दिवस झाले होते. दुपारचे दोन वाजले होते.

अँब्युलन्सला फोन केला होता. जवळची गाडी खालापूरकडे हायवेवर अपघाताला गेली होती, दुसरी यायला तास लागेल म्हणाले. सणासुदीचे दिवस, म्हणून गावातल्या रिक्षा नेरळला माथेरानची माणसं उचलायला गेलेल्या. मोटारसायकली होत्या, पण रक्त जाणाऱ्या बाईला मोटारसायकलवर कसं बसवणार? राहिला आमचा विटा वाहायचा ट्रक.

मुलगा खाली उतरला, दगड घेतला आणि गाडीखाली शिरून सेल्फच्या मोटारीवर हाणायला लागला.

"सेल्फ गेला, आये."

"कशावरनं गेला? दिवे लाव."

मी चौथीपर्यंत शिकले. ट्रकचं जे कळतं ते नवरा जिवंत असताना त्याच्या शेजारी बसून कळलं. भट्टीवर विटा भरायला आम्ही दोघंच जायचो, गाडी बंद पडली की टॉर्च धरायचं काम माझं. दिवे लावले तर चांगले लख्ख लागले. "आता किल्ली मार," म्हटलं. टक् झालं आणि त्याबरोबर दिवे पार विझले. किल्ली सोडल्यावर परत लागले.

"सेल्फ नाय गेला. बॅटरीची क्लिप ढिली हाय. तो डबा उघड."

डबा उघडला. क्लिपांवर हळदकुंकू होतं. ते मीच लावलेलं. त्या सकाळी मी सगळा ट्रक धुतला होता, बॅटरीचा डबासुद्धा नारळाच्या शेंडीने घासून काढला होता. मुलगा म्हणाला होता, "आये, बॅटरीवर पाणी नको मारू गं." मी ऐकलं नाही. पावसाळाभर उभ्या गाडीच्या क्लिपवर पांढरा भुगा चढला होता, माझ्या घासण्याने ती हलली असणार आणि पाणी आत गेलं असणार. एक बोट लावलं तर क्लिप बॅटरीच्या खुंट्यावर गोल फिरली.

ट्रक ढकलून चालू झाला असता. मुलगा एरवी तो उतारावर तोंड करून लावतो, त्याचसाठी. पण आदल्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं, पूजेला गाडीचं तोंड पूर्वेला पाहिजे. पूर्वेला आमच्या अंगणाची भिंत आहे, आणि मागे चढ.

"तेरा नंबरचा पाना लागंल," मुलगा म्हणाला आणि घराच्या दाराकडे बघायला लागला.

सगळे पाने देवापुढे पाटावर होते. खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाला विश्रांती असते. पाने, पक्कड, जॅक, कोयता, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सासूने पाळलं, नवऱ्याने पाळलं. त्याने एकदा नवमीला भरलेली गाडी भट्टीवर दिवसभर तशीच ठेवली होती.

"आये, घेऊ काय?"

पस्तीस वर्षांचा बाप्या, बायको केबिनमध्ये, आणि मला विचारत होता.

मी म्हटलं, "हात लावू नको. बाजूच्याकडनं आण."

तो पळाला. मी तोवर दगडाने क्लिप ठोकून पाहिली. जरा घट्ट बसली. किल्ली फिरवली, टक्. आतला भुगा खरवडल्याशिवाय ती धरणार नव्हती, आणि खरवडायची तर आधी सोडवायला हवी. शेजाऱ्याच्या दारातलं बोलणं मला इथे ऐकू येत होतं.

"पाना? आज? येडा झालास काय रं? उद्या ये, सोनं देतो!"

"बायकोला न्यायची हाय रं दवाखान्यात."

मग तो हसायचा थांबला, पण त्याचेही पाने पाटावरच होते. पुढच्या घरी ट्रॅक्टर आहे, तिथेही तेच. फाट्यावरचं गॅरेज बंद, आत हत्यारांना हार घातलेले. अख्ख्या गावात पाने होते आणि एकही हातात घ्यायचा नव्हता. मुलगा रिकामा परत आला तोवर वीस मिनिटं गेली होती.

आमची सून मला कधी उलट बोललेली नव्हती. केबिनमधून तिचा आवाज आला, "तुमच्या देवीला विचारा, मी मेले तर चालंल काय."

मी उठले, घरात गेले, फुलं बाजूला लोटली आणि तेरा नंबर उचलला. कोयताही घेतला. क्लिप सोडवली, कोयत्याच्या टोकाने खुंटा आणि क्लिप आतून चकचकीत होईपर्यंत खरवडली, मुलाने आवळली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पहिल्या किल्लीला ट्रक चालू झाला.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, बाळाची वार आधीच आतून सुटली होती, अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. मी विचारलं, वीस मिनिटं आधी आलो असतो तर? ती म्हणाली, "आजी, ते आता नका विचारू."

पुढे बाया भेटायला आल्या. चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, नवमीचं हत्यार हलवलंस ना, म्हणून देवी कोपली. पान्याला नाही म्हणणाऱ्या शेजाऱ्याची बायको सगळ्यात पुढे. मी म्हटलं, "हलवलं म्हणून नाय. उशिरा हलवलं म्हणून." तेव्हापासून त्या फारशा येत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही.

मुलगा त्या दिवसाबद्दल बोलत नाही. तो मला विचारत उभा राहिला हे तो विसरलेला नाही आणि मीही नाही. पण नाही मी म्हटलं होतं. सून चार महिने माहेरी राहून आली. माझ्याशी नीट बोलते, लागेल तेवढंच. पाट मी आता मांडत नाही, आणि मी का मांडत नाही हे तिने विचारलेलं नाही.

मुलगी होती. ती जगली नाही. सून जगली.