आमचे डुलकीसर

जेवण झालं की बरोबर वीस मिनिटं आमचे सर झोपायचे. तेही कारखान्यात, सगळ्यांच्या देखत! टेबलामागे पुठ्ठा अंथरायचा, चष्मा खिशात ठेवायचा, डाव्या कुशीवर वळायचं आणि चक्क घोरायचं. दिल्लीजवळ मानेसर गावात आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे आणि ज्या प्रेसवर पत्रा दाबला जातो त्या लाइनचे ते प्रमुख होते. भिंतीपलीकडे प्रेस दणादण आपटत असायच्या. वीस मिनिटांनी ते कुणी न उठवता उठायचे, तोंडावर पाणी मारून कामाला लागायचे. 'डुलकीसर' हे नाव मी पाडलं. एचआरमध्ये मला तेवढंच जमत होतं.

शिफ्ट सुरू होताना ते प्रत्येक कामगाराला विचारायचे, "कितना सोया?" थाप मारणारा हमखास पकडला जायचा. डोळे तांबारलेले दिसले की त्याला प्रेसवरून उठवून पॅकिंगला बसवायचे. मी एकदा शहाणपणा केला, "सर, पण अशानं माल कमी निघतो ना!"

"माल उद्या निघेल गं. बोटं पुन्हा फुटत नाहीत, ती काय पालवी आहे?"

आमच्याकडे न झोपण्याची केवढी मिजास! आमचे प्लांट हेड "मैं तो चार घंटे सोता हूँ" असं तोंड वर करून सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. शी! सर्वांत जास्त डबल शिफ्ट करणाऱ्या कामगारांचे फोटो दर महिन्याला बोर्डावर लागायचे. निवड माझी, टाचण्याही माझ्याच. सरांनी एकदा बोर्ड नीट पाहिला आणि म्हणाले, "फोटो लावलेस, आता हार तेवढे आण." मी हसले होते.

आम्ही दोघंही दिल्लीतल्या द्वारका भागात राहायचो, त्यामुळे कंपनीची बस एकच. माझं डोकं रोज ठणकायचं आणि तरी मी फोनवर मेल बघत बसायचे. "ठेव तो," सर म्हणायचे. "मेल कुठे पळून जात नाहीत. डोळे मीट, उतरायचं ठिकाण आलं की उठवतो." माझी पर्स स्वतःच्या मांडीवर धरून बसायचे. बाप गेल्यापासून माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.

आणि त्याच माणसाचा झोपलेला फोटो मी काढला. माल कमी निघतो म्हणून प्लांट हेडना सर नकोसे झाले होते. त्यांना 'पुरावा' हवा होता आणि मला प्रमोशन. कामाच्या वेळेत झोपतात म्हणून सरांना काढायचं पत्रही मीच टाइप केलं, मीच हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुझा चेहरा किती उतरलाय. आज लवकर घरी जा." ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी रामसेवक नावाच्या कामगाराचा उजवा हात प्रेसखाली गेला. तीन बोटं गेली. आदल्या संध्याकाळपासून तो लाइनवर उभा होता, कितना सोया म्हणून विचारायला कुणी उरलं नव्हतं. अपघाताचा अहवाल माझ्याकडे आला. मी लिहिलं, सलग सोळा तास काम. प्लांट हेड वैतागले, "ये क्या लिख दिया, यार? हटाओ." मी ती ओळ काढली आणि 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं घातलं. जनाची नाही, मनाचीही लाज वाटली नाही मला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले, तर सर आधीच तिथे. घरून मऊ भात करून आणला होता. मला पाहून बाहेर आले. "अहवालात काय लिहिलंस?" मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस," आणि आत जाऊन रामसेवकला भरवायला बसले. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधीही उचलला नाही. बरोबरच केलं.

मी दारातच घुटमळत होते. रामसेवकचं लक्ष गेलं. तोंडातला घास गिळून त्यानं डावा हात कपाळाला लावला आणि धडपडत उठायला लागला. "नमस्ते मैडमजी," तो म्हणाला, "गलती मेरी ही थी. नौकरी तो नहीं जाएगी न?"