चारवरचा काटा

लग्नाआधी मी कशेळ्यात एका ठेकेदाराकडे वायरमन होतो. आसपासच्या वाड्यांवर जाऊन तुटलेल्या तारा जोडायच्या, फ्यूज बसवायचे. एकदा खांबावरून पडलो, तेव्हापासून डावा खांदा नीट वर जात नाही. पण तार जोडून खाली उतरलो की पिठाची चक्की सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि ताटकळलेल्या बायका डबे उचलून उठायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, "आली रं लाईट. दोन दिस दळण नव्हतं घरात."

लग्नानंतर सासऱ्यांच्या ओळखीनं कुंभिवलीजवळच्या कारखान्यात कायम झालो. काम सावलीतलं. पाण्याच्या लाईनवर दाबाचं मीटर होतं, त्याचा आकडा दर तासाला वहीत लिहायचा. दिवसअखेर साहेब पानाखाली सही करायचे. काटा नेहमी चारवर असायचा. मला वाटायचं, सगळं नीट चाललंय.

वर्षभरानं एक फिटर पाईप बघायला आला. तो म्हणाला, "ही लाईन कधीच बंद केलीय. काटा अडकलाय, एवढंच."

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "माहीत आहे मला. तपासणीला वही लागते. लिहीत जा."

"मग मला दुरुस्तीत तरी टाका साहेब."

"तिथं जागा नाही. आणि इथं तुला त्रास काय आहे?"

घरी बायकोला सांगितलं, तर तीही तेच म्हणाली. "सावलीत बसायला मिळतंय, त्याचं काय दुखतंय तुमाला? खांद्याचं विसरलात?" लग्नानंतर तो दुखरा खांदा तिनंच महिनाभर शेकला होता. तिचंही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वही कोरी ठेवली. कुणीतरी विचारेल, ओरडेल, अशी वाट बघत होतो. आठ दिवस गेले. आठही कोऱ्या पानांखाली साहेबांची सही होती.

नवव्या दिवशी सकाळी मी पेन घेतलं आणि आठही पानं भरून काढली. प्रत्येक तासापुढे चार. मला तसं कुणीच सांगितलं नव्हतं. अक्षर नीट यावं म्हणून मी जपत होतो.

अजून तिथंच आहे. त्या आठ पानांबद्दल बायकोला सांगितलेलं नाही.