शेजारची जागा

चिरडलेल्या उसाचा वास. हिरवा, ओला, किंचित मातकट, आणि त्यात मिसळलेला डिझेलचा उग्र दर्प. दोन वर्षांपूर्वी, गळिताच्या दिवसांत, संकेश्वरच्या थोडे पुढे उसाची ट्रॉली आमच्या गाडीवर कलंडली. काचा फुटल्याचा आवाज मला आठवत नाही. तो वास मात्र आठवतो. गाडी माझा धाकटा भाऊ चालवत होता. त्याला ओरखडाही आला नाही, माझ्या खांद्याचे हाड मोडले. हाड यथावकाश जुळले, पण आमच्या निपाणीहून बेळगावकडे जाणारा हमरस्ता माझ्यापुरता कायमचा बंद झाला.

रोज सकाळी मी यल्लम्मादेवीच्या तसबिरीसमोर जपाला बसे. नाम जिभेवर रुळू लागते न लागते तोच तो वास येई, छाती धडधडू लागे, माळ हातून गळून पडे. आपलीच भक्ती उणी पडते आहे, असे मला वाटे. मग मी आणखी दोन माळा ओढी. नामाने भीतीला मारून हाकलावे, अशी माझी धडपड चाले. आणि भीती तर नामाच्याच पदराला धरून आत येई.

त्यातच बेळगावला भावाला मुलगी झाली. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्यानेच, आणि मी तिची एकुलती एक आत्या. भावाचा फोन येई. "आक्का, तू आल्याबिगर बारसं न्हाय. येशील?" मी काहीतरी निमित्त सांगून फोन ठेवी. पोर तीन महिन्यांची झाली तरी सगळे तिला नुसते 'बाळी' म्हणत. माझ्या न जाण्याचा अर्थ भाऊ काय लावत असेल, हे त्याच्या आवाजातल्या कंपावरून मला कळे. बहिणीने आपल्याला क्षमा केलेली नाही, असेच त्याला वाटत होते.

शाळेतल्या एका मैत्रिणीने धारवाडच्या समुपदेशक बाईंचे नाव सुचवले. "मोबाइलवरच बोलायचं. आणि देवाचं नाव काढलंस तर हसणार नाहीत त्या," एवढे तिने आवर्जून सांगितले. दर गुरुवारी दुपारी मी दार लोटून बसू लागले. घरात मात्र सांगितले, की ऑनलाइन पोथी लावली आहे. मनाच्या दुखण्यासाठी कुणाकडे जाते म्हणण्याची मला लाज वाटत होती.

तिसऱ्या गुरुवारी दार उघडले आणि सासूबाई आत आल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि साखरेची वाटी. त्यांनी मोबाइलला कुंकू लावले, वाटी पुढे सरकवली आणि हात जोडून मांडी घातली. "चालू द्या, बाई. अध्याय कितवा आलाय?"

पडद्यावरच्या बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. सांगायचे की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोपवले होते. आणि का कोण जाणे, कुंकवाचा तो लाल ठिपका बाईंच्या बरोबर नाकावर बसलेला पाहून मला आधी हसू फुटले, मग रडू. मी सारे सांगून टाकले.

सासूबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मग चोरून कशाला गं? हाड मोडल्यावर डाक्टराकडं गेलतीस, तवा काय देवी रुसली व्हय? तिनंच धाडलंय म्हण की या बाईंना." आणि पडद्याकडे वळून, "परसाद मीच खाते तुमच्या वाटचा!"

त्या दिवशी बाईंनी मला एकच गोष्ट विचारली. "भीती काढून टाक, असं तुम्ही देवीला रोज सांगता. शेजारी येऊन बस, असं कधी म्हटलंय काय?"

मी म्हटले नव्हते. पुढच्या आठवड्यांत बाईंच्या सांगण्याप्रमाणे मी पायरीपायरीने निघाले. आधी नुसते स्टँडपर्यंत. मग बसमध्ये बसून खाली उतरायचे. मग वाटेतल्या तवंदी घाटापर्यंत. मणी मोजायचे नाहीत, त्यांचा खरखरीतपणा बोटांना कळू द्यायचा. तळपाय टेकवायचे, श्वास लांब सोडायचा. भीती आली तर येऊ द्यायची.

अखेर एका सकाळी मी एकटी बेळगावच्या बसमध्ये बसले. शेजारची जागा रिकामी होती. "बस इथे," मी मनात म्हटले.

संकेश्वरला एक म्हातारी चढली. कपाळभर कुंकू, हातात शेवंतीची टोपली. "सरक वाईच, बाई," म्हणत टोकाला टेकली, टोपली माझ्या मांडीवर ठेवली, आणि बस हलताच तिने माझे मनगट गच्च धरले. "मला गाडीचं लई भ्या वाटतंय गं. हात सोडू नगंस."

मी थक्क झाले, आणि हातातल्या जपमाळेचा अर्धा भाग तिच्या मुठीत दिला. "पाय टेकवा, मावशी. श्वास लांब सोडा. हां, असा."

"तू डाक्टरीण हैस व्हय?"

मी हसले. त्याच रस्त्यावर, ट्रॉली कलंडली होती त्याच जागी हसले. बाहेरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग जात होती. वास आत आला, आणि कितीतरी दिवसांनी मला कळले, की तो गोड आहे.

काकतीला उतरताना तिने एक शेवंती माझ्या हातात ठेवली. ती कोण होती, हे मी कुणाला पटवून देत नाही. मी सोबत मागितली होती, आणि आली ती माझाच आधार मागत. आधार देता देता मीच सावरले. देवीने माझी भीती काढून घेतली नाही. बसायला जागा तेवढी मागून घेतली. मला तेवढे पुरले.

दुपारी मी बाळीच्या कानात तिचे नाव सांगितले, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. भावजयीचा सर्वांत जोरात. पण आजही जपाला बसले की कानात घुमतो तो बेळगावच्या स्टँडवरचा एक शब्द. भाऊ धावत आला होता. बरेच काही बोलायचे ठरवून आला असावा. माझ्या हातातली शेवंती पाहिली, डोळे पुसले, आणि इतकेच म्हणाला, "आलीस!"