पट्ट्यांवरची जुनी घडी

हिमालयातल्या ट्रेकच्या सरावासाठी मी रोज सकाळी पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन गड चढतो. उतरताना गुडघ्यांना त्रास नको म्हणून वर पाणी झाडाला ओततो. सॅक मित्राची. गेल्या वर्षी हिमालयातून ती परत आली, तो आला नाही. देताना त्याची आई म्हणाली, "ही नाही आली तरी चालेल. तू ये."

सराव म्हणजे अंगाला ओझ्याची सवय लावणं. पण या सॅकला माझी सवय होत नाही. पट्टे मी माझ्या मापाला आवळतो, माथ्यावर पोचेपर्यंत ते सरकून त्याच्या जुन्या घडीवर बसलेले असतात.

आज वरच्या ताकवाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, पाणी तर ओतलंत. मग अजून वाकून का चालताय?"

मी सॅक उघडून पाहिली. रिकामी होती. पुन्हा पाठीवर घेतली, पण पट्टे आवळायचा धीर झाला नाही.